पुसून टाक म्हणणारे आपण कोण?

‘पुसून टाक ते.’

मागच्या उन्हाळ्यात नेसरीतल्या एका घराच्या सोप्यात हे शब्द दोन बायकांच्या तोंडून जवळजवळ एकदमच बाहेर पडले. एक होती त्या बाईची थोरली जाऊ. दुसरी आपल्याच चळवळीतली, वीस वर्षं माझ्याबरोबर मोर्च्यात चाललेली कार्यकर्ती. एकीच्या मागे भावकी उभी होती, दुसरीच्या मागे स्त्रीमुक्तीचा विचार. आणि दोघींच्या मधे डाव्या पापणीवर विटकरी रंग लावून बसलेली आमच्या गटातली मैत्रीण. वय पस्तिशीच्या आत. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली.

तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि डोळा पुसला. मी तिथंच बसले होते. मी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे.

आधी त्या रंगांविषयी. गटातल्या एकीची भाची पुण्यात असते. तिनं एका छोट्या कंपनीची आयशॅडोची डबी पाठवली होती. कंपनी म्हणजे एक बाई, दोन मदतनीस आणि भाड्याची खोली, असं भाची फोनवर म्हणाली. डबीत नऊ रंग. किंमत सहाशे रुपये. सोबत एक प्रस्तावही होता. बचत गटांनी वीस डब्या एकदम घ्याव्यात, डबी साडेचारशेला पडेल, ती सहाशेला विकावी, वरचे दीडशे गटाचे. म्हणजे गटानं नऊ हजार रुपये आधी मोजायचे. तेव्हा पैसे गुंतवण्याआधी माल लावून बघू, असं ठरलं आणि आम्ही सातजणी जमलो. बावीस वर्षांच्या मुलीपासून साठीच्या आक्कांपर्यंत.

माल वाईट नव्हता. कोरड्या बोटानं लावला की भुकटी गालावर सांडते. एकीनं आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, तर अर्ध्या तासात सगळा रंग पापणीच्या घडीत रेघ होऊन बसला. बोट किंचित ओलं करून थापून लावला तेव्हा मात्र संध्याकाळपर्यंत टिकला, चुलीपुढच्या घामातसुद्धा. मोरपंखी आणि विटकरी आमच्या सावळ्या कातडीवर छान उठले. रुपेरी लावल्यावर राख फासल्यासारखं दिसायला लागलं. फिक्या रंगात पांढरा पाया जास्त असतो, तो गोऱ्या चामडीवर खपतो, आमच्यावर खडूसारखा दिसतो. आक्कांनी सगळ्यात काळा रंग मागून घेतला. ‘काजळ घालतो तसंच की हे,’ म्हणाल्या. आम्ही हसलो, आरशासाठी भांडलो. कित्येक दिवसांत त्या सोप्यात इतकं हसू झालं नव्हतं.

डबी हातोहात फिरत होती आणि एकीच्या पुढून मात्र ती हळदीकुंकवाच्या ताटासारखी पुढं गेली. कुणी मुद्दाम केलं नाही. हाताला तशी सवयच आहे. तेव्हा तिनंच हात पुढं केला. ‘मी बी बघतो की लावून.’

पुढचं वर सांगितलंच. जाऊ म्हणाली, ‘पुसून टाक ते. भायेर कुणी बगितलं तर काय म्हनंल?’ आणि आमची कार्यकर्ती म्हणाली, ‘पुसून टाक ते. कंपन्यांच्या नादाला तू तरी लागू नकोस.’

जावेवर मला राग धरता येत नाही. तिला त्याच गल्लीत नांदायचं आहे. नेसरी म्हटलं की महाराष्ट्राला सात घोडेस्वार आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथं पडले, त्यांचं स्मारक गावाला आहे आणि गावाला त्याचा अभिमान आहे, तो असायलाही हवा. पण त्या सातांच्या घरी मागं राहिलेल्या बायकांच्या कपाळाचं काय झालं, हे गावात कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. ते विचारायचं नसतं. ते ठरलेलंच असतं.

आणि हे ठरवणारे हात कुणाचे, हे आपल्या भागाइतकं उघड कुठं दिसणार? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या प्रथेत रांडाव पुनवेला जोगतिणींच्या बांगड्या फोडतात आणि अहेव पुनवेला पुन्हा भरतात. देवी विधवा झाली म्हणून हिनं रंग उतरवायचा, देवी सवाष्ण झाली म्हणून हिनं चढवायचा. हिच्या मनगटाशी त्याचा काही संबंध नाही. गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद झाली तेव्हापासून या भागातल्या बायका आणि कार्यकर्ते यावर बोलत आले आहेत. त्याआधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून हाच प्रश्न पुरुषांच्या तोंडावर फेकला होता. बायको मेलेला पुरुष तोंड लपवून का बसत नाही? १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केस कापणार नाही असं ठरवलं. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. आणि त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, ४ मे २०२२ रोजी, आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

हेरवाडच्या ठरावाचं मोल मी कमी करत नाही. करोनानं तरुण बायका विधवा झाल्या होत्या, त्या दिवसांत एका गावानं हे केलं. पण ठरावातली यादी पुन्हा वाचा. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी. सगळी नवऱ्याच्या नावाची लेणी. नवरा असताना ती चढली, तो गेल्यावर उतरू नयेत, इतकाच हा झगडा आहे. झगडा खरा आहे, गरजेचा आहे, पण तो नवऱ्याच्या ठेवीवरचा झगडा आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असं सुचवलं होतं, आठवतं? बाईला रंग मागितला तर पदवी मिळते.

आता त्या विटकरी आयशॅडोकडे बघा. त्याला कुठल्या शास्त्रात जागा नाही. ते सौभाग्याचं लेणं नाही. लग्नात कुणी ते सासरकडून घालत नाही, मयताला कुणी ते उतरवायला येत नाही. ते लावताना कुणाचं आयुष्य वाढत नाही आणि पुसताना कुणाचं घटत नाही. पापणी तिची, बोट तिचं, मिटलेल्या डोळ्यांवरचा रंग. म्हणून तर जाऊ घाबरली. कुंकू लावलेल्या विधवेला गाव एक वेळ म्हणेल, नवऱ्याची आठवण जपते बिचारी. पापणीवर रंग लावलेल्या विधवेविषयी गावाला असं काही म्हणता येत नाही. ती स्वतःसाठी लावते आहे, एवढं एकच उत्तर उरतं, आणि तेच उत्तर सहन होत नाही.

इथवर, मैत्रिणींनो, तुम्ही माना डोलवल्या असतील. पण आता आपल्याकडे वळते.

आपल्या चळवळीला शृंगाराविषयी संशय आहे, आणि तो उगाच आलेला नाही. १९९४ साली एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही मुकुट भारतात आले. बाजार खुला होऊन तीन वर्षं झाली होती. गावोगाव ब्युटी पार्लरं निघाली, गोरं करणारी मलमं खेड्यातल्या किराणा दुकानात पाच रुपयांच्या पुडीत येऊन टांगली. आपण म्हटलं, बाईला वस्तू करू नका. बरोबर म्हटलं. १९९६ साली बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा झाली तेव्हा निषेध झाला. पण त्या निषेधाची एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर होत्या आणि भारतीय संस्कृतीचे राखणदारही रस्त्यावर होते. एकांचं म्हणणं, बाईचा बाजार मांडू नका. दुसऱ्यांचं म्हणणं, बाईनं अंग झाकून घरात बसावं. कारणं उलटी, मागणी एक. लांबून बघणाऱ्याला दोन फलकांतला फरक कळला असेल का? नेसरीच्या सोप्यात त्या दुपारी पुन्हा तेच झालं. दोन विचार, आणि आज्ञा एकच.

मीही या पापातून सुटलेले नाही. त्याच सुमाराला एका शिबिरात एक मुलगी लालभडक लिपस्टिक लावून आली होती. कारखान्यात काम करणारी, हुशार, गाणी म्हणणारी. मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, हे कुणासाठी? सगळे हसले. तिनं रुमालानं ओठ पुसले. दुसऱ्या दिवशी ती शिबिराला आली नाही, नंतर कधीच आली नाही. बाईला रंग पुसायला लावणारी मी पहिली नव्हते. तिच्या घरात आधी बापानं, मग भावानं हेच केलं असणार. शिबिरात तरी वेगळं काही मिळेल म्हणून ती आली होती.

माझ्या कार्यकर्ती मैत्रिणीचे मुद्दे मात्र टाळायचे नाहीत. ते तीन आहेत.

पहिला पैशाचा. आमच्याकडे बाईची शेतातली रोजंदारी अडीचशे-तीनशे. म्हणजे सहाशेची डबी ही दोन दिवसांची खुरपणी. खरं आहे. पण हा हिशेब आपण कुणाच्या खर्चाचा मांडतो? गड्याच्या तंबाखूचा, चौकातल्या चहाचा, यात्रेतल्या पैजेचा हिशेब बैठकीत कधी मांडलाय? गरीब बाईनं एकही पैसा आनंदावर खर्चू नये, हा नियम सावकाराचा असू शकतो, आपला कसा? महाग असेल तर न घेण्याचं ती ठरवेल. तिला गणित येतं, गटाची वही तीच लिहिते.

दुसरा पुरुषाच्या नजरेचा. शृंगार म्हणजे पुरुषाला रिझवणं. सोप्यात एकही पुरुष नव्हता. सात बाया एकमेकींच्या पापण्या बघत होत्या. आक्कांना साठाव्या वर्षी कुणाला रिझवायचं होतं? आणि समजा, त्या पस्तिशीतल्या बाईला उद्या कुणाला आवडावंसं वाटलं, तर? विधवेची ती इच्छा गुन्हा आहे असं आपण कधीपासून मानायला लागलो?

तिसरा बाजाराचा. कंपन्या आधी बाईला तिच्या चेहऱ्याची लाज वाटायला लावतात, मग लाजेवरचा उपाय विकतात. हा मुद्दा सोळा आणे खरा. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली. पंचेचाळीस वर्षं सावळ्या मुलींना कमी लेखून विकली गेली. २०२० साली नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. ‘लॅक्मे’ टाटांनी १९५२ साली सुरू केली. १९९८ साली त्यांनी आपला हिस्सा हिंदुस्थान लिव्हरला विकला. म्हणजे लाज विकणारी पुडी आणि रंग विकणारी कांडी एकाच घरात नांदायला लागल्या. तेव्हा बाजाराशी भांडायचंच आहे. प्रश्न एवढाच की भांडण बाजाराशी करायचं की डबीकडे हात नेणाऱ्या बाईशी? बाजाराशी भांडायला अभ्यास लागतो. बाईला दटावणं सोपं पडतं.

तो अभ्यास आम्ही दुसऱ्या दिवशी केला. कारण संध्याकाळी एकीचे डोळे लाल झाले, खाज सुटली. मग डबी उलटी करून वाचली. वर ठळक अक्षरात ‘१०० टक्के नैसर्गिक’. ‘स्त्रियांनी स्त्रियांसाठी’. खाली कशापासून बनवलंय त्याची यादी नाही. उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही. बॅच क्रमांक नाही, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख नाही. पत्त्याच्या जागी फक्त मोबाईल नंबर.

मैत्रिणींनो, हे छोट्या उद्योगाचं भाबडेपण नाही, हे कायद्याला धरून नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियम २०२० साली आले. विक्रीसाठी बनवणाऱ्याला, मग तो कितीही लहान असो, परवाना लागतो. आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देतं. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच, मुदत हे सगळं हवं. रंगासाठी शिसं किंवा सोमल यांची संयुगं वापरायला बंदी आहे. पारा इतर प्रसाधनांत चुकून आला तरी दहा लाखात एका भागाच्या वर चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनात तो टिकाऊपणासाठी घातला तर २०२० च्या नियमांत मर्यादा सत्तर भागांची. डोळ्याला लावायचं म्हणून तिथं सवलत जास्त, हे मला अजून पचलेलं नाही. त्यावर आपण बोललं पाहिजे.

छोटं ते चांगलंच असतं हा भ्रमही सोडू या. २०२३ सालच्या जानेवारीत बातम्या आल्या की अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं गोरं होण्याच्या मलमानं बिघडली, त्या मलमात पारा सापडला. ते मलम मोठ्या कंपनीचं नव्हतं. गावातच हाती आलेलं होतं.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे काय? आयशॅडोत असतं शंखजिरं, लोखंडाच्या गंजाचे तांबडे-पिवळे-काळे रंग, पांढऱ्यासाठी टायटॅनियम, आणि चकाकीसाठी अभ्रक. सगळं जमिनीतूनच येतं, म्हणजे नैसर्गिकच की! पण अभ्रक कुणाच्या हातानं येतं? झारखंडच्या कोडरमा, गिरिडीह भागात बंद पडलेल्या खाणींच्या कपाऱ्यांतून बायका आणि लेकरं त्याचे तुकडे वेचतात. तिथं त्याला ढिबरा म्हणतात. २०१६ साली पत्रकारांनी तिथल्या बेकायदा खाणींत दबून मेलेल्या मुलांच्या बातम्या बाहेर आणल्या. आमच्या मोरपंखी पापणीवर जे चमकत होतं त्यात हेही असू शकतं. ‘स्त्रियांनी स्त्रियांसाठी’ असं लिहिताना त्या स्त्रिया धरल्या होत्या का, हे विचारायला नको?

राहता राहिला नऊ हजारांचा प्रस्ताव. ‘तुम्ही उद्योजिका व्हाल,’ असं पत्रात होतं. नीट बघितलं तर माल विकला गेला तर नफा दोघींचा, नाही गेला तर तोटा एकट्या गटाचा. डोळे सुजले तर दारात भांडण गटाशी. उद्योजिका हा शब्द छान आहे, पण जोखीम सगळी खाली ढकलण्यासाठी तो वापरला जाणार असेल तर आपण त्याला नाव ठेवलं पाहिजे.

तेव्हा आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगते. कंपनीला पत्र लिहिलं. परवाना क्रमांक, घटकांची यादी, अभ्रक कुठून घेता, आणि न खपलेल्या डब्या परत घ्याल का. उत्तर येईपर्यंत एक पैसा गुंतवायचा नाही. हे पत्र लिहिणारी बाई एकटीनं धंदा करते, तिला बुडवायचं आमच्या मनात नाही. परवाना घेऊन, नीट लेबल लावून ती आली तर तिची पहिली गिऱ्हाइकं आम्हीच. हे लिहिते आहे तोवर उत्तर आलेलं नाही.

दुसरं, गटाच्या कार्यक्रमात ताट असो, डबी असो, गजरा असो, ते प्रत्येकीच्या पुढं थांबेल. नको असेल तर ती नको म्हणेल. पुढून निघून जायचं नाही. हा ठराव वहीत लिहिला, सह्या झाल्या. जावेनंही सही केली, थोडी थांबून.

तिसरं मी तुमच्यापुढं ठेवते, कारण हा प्रश्न एकट्या नेसरीचा नाही. आपल्या शिबिरांत, मेळाव्यांत, बैठकीत आपण बाईच्या चेहऱ्याकडे बघून तिचा विचार मोजणं बंद करू या. रंग लावणारी कमी लढाऊ नसते आणि न लावणारी जास्त शहाणी नसते. जिला लावायचा नाही तिच्यावर पार्लरची, सासरची, नोकरीची सक्ती होत असेल तर तिथंही तितक्याच जोरानं भांडू. पण प्रश्न विचारायचे ते डबी बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, परवाना देणाऱ्या कचेरीला. ‘हे कुणासाठी?’ असं बाईला विचारायचा हक्क आपल्याला नाही. मी तो एकदा वापरला आणि एक मुलगी गमावली.

माझी कार्यकर्ती मैत्रीण अजून रागावलेली आहे. ‘तू बाजाराला दार उघडून देतेस,’ म्हणते. तिनं तिचं उत्तर लिहावं, याच पानांवर लिहावं. मला ते वाचायचं आहे.

आणि ती? आठवड्यानं ती माझ्याकडे आली. इकडचं तिकडचं बोलली, खताचे भाव, पोराची फी. उठताना म्हणाली, ‘ताई, ती डबी हाय का अजून?’ खाज येते, त्यात काय आहे माहीत नाही, हे मी तिला सगळं सांगितलं. ‘मला न्हाई खाज आली,’ म्हणाली. मग आतल्या खोलीत गेली आणि दाराला कडी लावली.

बाहेर आली तेव्हा पापण्या स्वच्छ होत्या. आरशाशेजारचं फडकं विटकरी झालं होतं.